जोडीतला उरलेला

“दादा बोलता बोलता गप्प का झाला?” धाकट्याला याचं उत्तर कुणी कधीच दिलं नाही.

वस्तूंना वाचा होती तेव्हाची गोष्ट. कर्णिकांच्या जुन्या संगणकात एकाच दिवशी दोन डिस्क बसवल्या होत्या. आधी बसला तो थोरला, मागून बसला तो धाकटा. घरातला प्रत्येक फोटो, प्रत्येक गाणं दोघेही जपायचे. थोरला गेला, तशी घरात नव्या संगणकाची चौकशी सुरू झाली.

“एकाच डिस्कचा घेऊ, स्वस्त पडेल,” विनायकराव म्हणाले. “एक मेली, तरी काही अडलं का आपलं?”

“बाबा, आईच्या आवाजातला पाळणा तेवढा यातच आहे हं,” मृणाल म्हणाली.

“मग उतरवून घे, आणि जुना दे भंगारात.”

नवा आला. मृणालने दोघांना जोडताच धाकटा त्याच्यात भडाभडा सगळं ओतू लागला.

“अरे, दमानं! किती तापलायस!” नवा म्हणाला.

“दादा दमानंच घ्यायचा. काय झालं त्याचं? मीही त्याच्याच वयाचा आहे.”

“माझ्या जोडीला कोण असणार?”

“कुणी नाही. म्हणून नीट घे.”

धाकट्याची घरघर वाढली. कायमचा थांबण्याआधी त्याने आईचा पाळणा, शेवटच्या ओळीपर्यंत, नव्याच्या ओंजळीत घातला.