पेटीतला संगणक

वाघेरीच्या शाळेत एकच संगणक होता, तोही लोखंडी पेटीत कुलूपबंद. मुलं बिघडवतील म्हणून किल्ली केंद्रप्रमुख दहिफळेसाहेबांच्या खिशात. सातवीतल्या तेजलने दसऱ्याला पेटीलाच झेंडूचा हार घातला होता, तेवढीच तिची संगणकाशी ओळख.

विज्ञान प्रदर्शन आलं तसं साहेबांनी फर्मान काढलं, "प्रयोगात संगणक वापरला नाही, तर शाळेचं नाव तालुक्याला जाणार नाही." किल्लीबद्दल अवाक्षर नाही.

प्रदर्शनात तेजलने विटेवर फळी टेकवून तरफ केली. एका टोकावर पेटी ठेवली, दुसरं टोक एका हाताने दाबलं. पेटी अलगद वर आली.

"हा कसला संगणकाचा वापर?" साहेब गुरकावले. "यातून काय सिद्ध झालं?"

"संगणक उचलता येतो, एवढं झालं साहेब," तेजल म्हणाली. "चालतो का, ते किल्ली मिळाली की सांगते."