बुवांच्या जीपचा दम

"पण चारही सिलिंडर एकदम कसे गेले रे, मुरारी?"

केवळबुवांनी विचारलं. मठाच्या ओट्यावर बसून ते भुईमुगाच्या शेंगा फोडत होते.

त्यांचा शिष्य मुरारी अंगणात, जीपच्या उघड्या बॉनेटपाशी उभा. कोपरापर्यंत काळा. तालुक्याच्या गॅरेजातून त्यानं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला हवेचा दाब, बघायचं गेज मागून आणलं होतं, आणि सकाळपासून तो कुणाशी सरळ बोलत नव्हता.

"वय झालं, बुवा. चारही प्लग काढले. एकेका भोकात गेज बसवलं आणि किल्लीनं एंजिन फिरवलं. काटा शंभराच्या वर जायला हवा. एकही सिलिंडर साठाच्या वर जाईना! दमच नाही. गेज खोटं बोलत नसतं."

फाटकात भंगारवाला दस्तगीर टेम्पो लावून थांबला होता. मुरारीनंच त्याला निरोप धाडलेला.

"बांधू का, बुवा? दोर आणलाय."

"थांब बाबा. शेंगा खा."

मठ डोंगरावर. एस.टी. खालच्या फाट्यापर्यंतच येते. वाडीत कुणी आजारी पडलं की बुवा स्वतः जीप काढून त्याला घाटानं खाली नेत. मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि जीप उभी राहिली. मुरारीला गाडी येत होती. मठात यायच्या आधी तो दुधाचा टेम्पो चालवायचा. पण बुवांच्या जागेवर बसणार कोण?

आता वाडीतल्या भागीचे दिवस भरत आले होते. जीप गेली तर तिला झोळीत घालून उतरवायचं. तो उतार, ते दगड... असो.

बुवांनी एक शेंग फोडली.

"चार भाऊसुद्धा पुढेमागे जातात रे. हे एकाच दिवशी म्हातारे झाले?"

दस्तगीर हसला. मुरारी हसला नाही.

"काय काय करायचं असतं, सांग बघू परत."

"ठिणगी पडू नये म्हणून वायर काढायची. प्लग काढायचे. गेज घट्ट बसवायचं. मग ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा, म्हणजे एंजिन पोटभर हवा घेतं. मग किल्ली."

"धरायचा. तू धरलास?"

मुरारी फडक्यानं गेज पुसू लागला.

"...कुठं होतास तू?"

"बाहेर. खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली."

"का रे?"

मुरारीनं दोन्ही कान धरले.

"बुवा, तिथं आपले पाय असायचे. रोज सकाळी मी त्या पेडलला गंध लावतो. त्याच्यावर पाय ठेवू?"

दस्तगीर जीपमध्ये वाकून बघून आला.

"खरंच की! झेंडूचं फूल पण आहे."

बुवांनी हातातली शेंग खाली ठेवली.

मग म्हणाले, "शंख आण."

मुरारीचा चेहरा उजळला. आरतीचा शंख तोच वाजवायचा आणि त्याचा आवाज पार खालच्या फाट्यावर जायचा. त्यानं हात पुसले, शंख आणला.

"ओठाला लाव. आता काढायचा नाही."

लावला. तो श्वास घ्यायच्या आत बुवांनी पुढे होऊन त्याचं नाक चिमटीत धरलं.

"हं. वाजव."

मुरारीचे गाल फुगले. डोळे बाहेर आले. शंखातून फुस्स झालं.

"दस्तगीर," बुवा म्हणाले, "हा शंखही टाक टेम्पोत. गेला कामातून."

मुरारीनं शंख खाली घेतला. "बुवा, श्वास तर घेऊ द्या!"

बुवांनी नाक सोडलं आणि पुन्हा शेंगांपाशी जाऊन बसले.

...

मुरारी जीपपाशी गेला. पेडलवरचं फूल उचललं. पेडलला डोकं टेकवलं. चपला काढल्या. आत चढून बसला खरा, पण पाय काही खाली जाईना. पेडलच्या वर बोटभर अंतरावर अधांतरी राहिला.

"ठेव की लेका," दस्तगीर गेजपाशी उभा राहून ओरडला. "माझा दिवस बुडतोय!"

मुरारीनं डोळे मिटले आणि पाय दाबला. किल्ली फिरवली. एंजिन चारदोन वेळा धपापत फिरलं.

"एकशे दहा!" दस्तगीर म्हणाला. मग मुरारी बसून आणि दस्तगीर गेज हलवत, असे त्यांनी उरलेले तीनही पाहिले. सगळे शंभराच्या पुढे.

दस्तगीरनं दोर गुंडाळला. "बुवा, म्हणजे माझी खेप फुकट?"

"शेंगा खाल्ल्यास ना?"

टेम्पो निघून गेला. मुरारी अजून बुवांच्या जागेवरच बसलेला. पाय पेडलवर तसाच. डोळ्यांतून पाणी.

"बुवा, लागला पाय. आता याला प्रायश्चित्त काय?"

बुवांनी मांडीवरची टरफलं झटकली. धुरकट डोळ्यांनी वाडीच्या दिशेनं बघत राहिले.

"प्लग बसव," ते म्हणाले. "मग दुसरा पाय... क्लचवर."