उभीचं टोक

खुर्ची नको मला, तुम्ही बसा. आमच्या होड्या पाण्यात असल्या की या गावची बाई टेकत नाही. का, ते समोरच्या टोकावर दिसतंय बघा. गंजून पडलेल्या दोन तोफा, आणि त्यांच्या पुढ्यात माणसाएवढा जांभा दगड. ती आमची भागी.

त्या जागी पूर्वी भागीच्या घरचे माड होते, असं सांगतात. अगदी कडेचा उंच माड म्हणजे होड्यांची खूण. पाण्यातून तो माड आणि मागचं देवळाचं शिखर एका रेषेत धरायचं आणि आत यायचं. रेष चुकली की खडकावर होडी फुटलीच.

एकदा भागीचा नवरा धोंडू तांडेल पाच होड्या घेऊन लांब गेला होता. मागून सरकारची माणसं आली. शत्रूची जहाजं येणार, इथे तोफा बसणार, जमीन सरकारजमा! खुंट मारले, कुऱ्हाडी चालल्या. भागीने पदर पसरला. "सगळे माड तोडा, साहेब. हा एक चार दिवस ठेवा. माझा माणूस ह्याच्यावर घरी येतो." साहेब म्हणाला, तोफेच्या तोंडासमोर झाड नको. सत्तेपुढे शहाणपण चालतं होय? माड आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली. आज तोफा उडवून बघणार, टोकावर कुणी गेलं तर जिवाला मुकेल. आणि नेमकं दुपारी वारं फिरलं, लांबवर शिडं दिसली. भागी काय करील? तिने वल्ह्याला लाल लुगडं बांधलं आणि तोडलेल्या माडाच्या बुंध्यावर जाऊन उभी राहिली, वल्हं उंच धरून. शूर-बिर नव्हती हो ती.

पहिली होडी रेषेत आली. दुसरी आली. मग तिसरी, चौथी. पाचवी धोंडूची, सगळ्यांना पुढे घालून तांडेल शेवटी यायचा. ती खडकांच्या तोंडाशी आली आणि भागीच्या पाठीमागे तोफ उडाली. भागी दचकून खाली बसली. बसली ती किती, पापणी लवेपर्यंत! लगेच उठली. पण पाण्यावर नुसत्या फळ्या तरंगत होत्या.

त्यानंतर भागी कधी बसली नाही. शिपायांनी तिला उचलून गावात आणून टाकलं, तरी सकाळी म्हणे ती तिथेच. उभ्याउभ्याच दगड झाली. पुढे त्या तोफा उडाल्याच नाहीत. वात लावायला कुणाचा हात उठेना, असं सांगतात.

आजही शेवटची होडी लागेपर्यंत आमच्या बायका उभ्या असतात. पोराला पाजायचं तेही उभ्यानेच. माझे गुडघे गेलेत, भिंत धरून उभी राहते. हसू नका, भीती वाटते हो. परवा त्या टोकावर पुन्हा मोजणीवाले येऊन खुंट मारून गेले, तेव्हापासून जास्तच. मघाशी दोन होड्या लागल्या. माझा पोरगा विश्राम तिसऱ्या होडीत आहे.

तुम्ही चहा घ्या. मी उभीच बरी.