बिरू कोळेकरचं वाक्य

"पण बाई, यात माझं चुकलं कुठे, ते तरी सांगा!"

हेमांगीने अकरा कागद एस्तेरबाईंच्या पुढ्यात ठेवले.

एस्तेरबाईंनी चष्मा लावला. पहिला कागद उचलला.

कागदांवर एका संभाषणाची शब्द न् शब्द नोंद होती. बिरू कोळेकर जे बोलला ते काळ्या शाईत, हेमांगी जे बोलली ते निळ्या. माणसाची परवानगी घेऊन बोलणं ध्वनिमुद्रित करायचं, मग ते उतरवून शिकवणाऱ्यापुढे ठेवायचं, ही या विद्येतली जुनी रीत.

विद्या म्हणजे समुपदेशन, त्यातही व्यक्तिकेंद्रित. सल्ला द्यायचा नाही. उपदेश करायचा नाही. समोरच्याला दुरुस्त करायला धावायचं नाही. त्याचं दुःख त्याच्या बाजूने समजून घ्यायचं, तो आहे तसा त्याला स्वीकारायचं, आणि आपण आतबाहेर एक राहायचं.

हेमांगीला हे सारं तोंडपाठ होतं. विद्यापीठात ती पहिली आली होती. मिरजेच्या या दोन खोल्यांच्या केंद्रात ती सहा महिन्यांसाठी शिकायला आली, तेव्हा आपल्याला इथे नवीन काय मिळणार, असं तिला मनातून वाटलंच होतं.

हे केंद्र चालवणाऱ्या एस्तेर उजगरे यांच्याकडे पदवी नव्हती. तीस वर्षं त्या लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होत्या. तरुणपणी त्या लेकरू गेलेल्या आयांना धीर देत. "सुटला बिचारा, आता त्याला त्रास नाही," असं सांगत. एका आईने ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली, त्यांच्या पाया पडली आणि घरी गेली. चौथ्या दिवशी तिला विहिरीतून काढलं.

त्यानंतर एस्तेरबाईंनी धीर देणं सोडलं.

पुढे कुठल्याशा शिबिरात ही पद्धत त्यांच्या कानावर आली. "अमेरिकेतल्या कुणा शहाण्याने काढली म्हणतात," त्या सांगत. "मला ती विहिरीतल्या त्या बाईने शिकवली."

हेमांगीने ही हकिगत वहीत टिपून ठेवली होती. उदाहरण म्हणून.

बिरू कोळेकर जत तालुक्यातला. पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. उन्हाळ्यात वाड्यावस्त्यांवर पाणी पोचवायचं हे त्याचं काम. एप्रिलमध्ये स्वतःच्याच वस्तीवर टँकर मागे घेताना त्याची पाच वर्षांची मुलगी चाकाखाली आली.

पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली. सरपंच म्हणाला, तुझी काही चूक नाही. भावकी म्हणाली, तुझी चूक नाही. बायको छाया हेच म्हणत राहिली. बिरूने दोनदा जीव द्यायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा छायानेच त्याला वाचवलं, आणि कुणीतरी नाव सुचवलं म्हणून एसटीने दोन तास प्रवास करून ती त्याला इथे घेऊन आली.

तीन गुरुवार तो हेमांगीसमोर बसला. चौथ्या गुरुवारी आला नाही.

एस्तेरबाई कागद वाचत होत्या. चौथ्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"हे वाच."

हेमांगीने वाचलं. "बिरू म्हणतो, 'मी मारलं तिला.' मी म्हणते, 'तुम्हाला असं वाटतंय, की ती तुमच्यामुळे गेली.'"

"हं."

"हे तर अगदी बरोबर आहे, बाई. त्याची भावना ओळखली आणि त्याच्यापुढे ठेवली."

"पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं. या वेळी जरा हळू.

"तो 'वाटतंय' म्हणाला?"

"नाही, पण..."

"'गेली' म्हणाला?"

हेमांगीने काळ्या शाईतल्या ओळीवरून बोट फिरवलं.

"मग हे शब्द कुणाचे?"

"बाई, तो अपघात होता. सगळ्यांनी पाहिलंय. 'मारलं' ही त्याची भावना आहे. आपण ती खरी कशी धरायची?"

"अपघात होता, हे त्याला कुणी सांगितलं नसेल?"

"सगळेच सांगतात."

"आणि तू?"

हेमांगीने कागदाकडे पाहिलं. निळी शाई. नीटनेटकं, कोमल वाक्य. पण त्याच्या पोटात तेच होतं... तुझी चूक नाही.

बाहेर आवारात कुणीतरी झाडत होतं.

"तो हे बोलला तेव्हा तुझं काय होत होतं?" एस्तेरबाईंनी विचारलं.

"माझं? मी शांत होते."

एस्तेरबाई तिच्याकडे पाहत राहिल्या.

"...मला ते ऐकवत नव्हतं, बाई. तो सारखा स्वतःच्या तळहातांकडे बघायचा. कधी एकदा त्याला तिथून पुढे नेते, असं मला झालं होतं."

"हे कागदावर कुठे आहे?"

अकरा पानांत ते कुठेच नव्हतं.

हेमांगीने छायाला फोन केला. पुढच्या गुरुवारी सकाळी छाया बिरूला घेऊन आली. ती नेहमीप्रमाणे बाहेर कडुनिंबाखालच्या बाकावर बसली. तो आत आला. महिन्याभरात त्याचा सदरा अंगाला दोन बोटं मोठा झाला होता.

"मी इथे बसले तर चालेल का, भाऊ?" एस्तेरबाईंनी विचारलं.

त्याने खांदे उडवले.

हेमांगीने त्या दिवशी ध्वनिमुद्रण केलं नाही. तिघं बसली. पाच मिनिटं गेली. दहा गेली. बिरू तळहातांकडे बघत होता.

"मी मारलं तिला."

हेमांगीच्या ओठांवर तीन वाक्यं येऊन उभी राहिली. तिन्ही चांगली होती. तिने ती गिळली.

एस्तेरबाईंनी आपली खुर्ची उचलली आणि त्याच्या गुडघ्यांना गुडघे लागतील इतकी जवळ आणून ठेवली.

"हो," त्या म्हणाल्या. "टँकर तुमच्या हातात होता."

हेमांगी खुर्चीच्या कडेला सरकली. हा माणूस आता उठेल. इथून जाईल आणि उरलेलं काम पुरं करेल. आणि त्याला कारण ही खोली असेल.

बिरूने मान वर केली. इतक्या दिवसांत त्याचे डोळे तिला पहिल्यांदाच दिसले.

"व्हय," तो म्हणाला. "माज्याच हातात हुता."

"हं."

"आरसा बघितला न्हवता मी."

एस्तेरबाई हलल्या नाहीत.

"रोज बघतो, बाई. मागं घ्याच्या आदी दोन्ही आरसं बघतो. त्या दिवशी न्हाई बघितलं. फोन आलता... खालच्या वस्तीवरनं. 'टँकर कुठवर आलाय' म्हनून. मी फोनवर बोलत बोलत..."



"आरशात बघितलं नाहीत," एस्तेरबाई म्हणाल्या.

"न्हाई बघितलं." त्याने मान हलवली. "ह्ये कुनालाच म्हाईत न्हाई. सांगाया तोंड उघडलं, की म्हनत्यात, गप, तुजी चूक न्हाई. पोलिसबी तेच म्हनले. छायाबी तेच म्हनती. कुनी ऐकूनच घेईना, बाई..."

त्याने एक हात लेकीच्या उंचीवर हवेत धरला.

"ईश्वरी घागर घिऊन आलती. तिची बारकी घागर. सकाळधरनं म्हनत हुती, आज पैली घागर आपली भरायची, अप्पा."

मग त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तो हेमांगीने आयुष्यात कधी ऐकला नव्हता. खोलीच्या भिंती त्याला पुरल्या नाहीत. एस्तेरबाईंनी त्याला थोपटलं नाही, पाणी दिलं नाही. नुसते त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून ठेवले. तेच हात, ज्यांच्याकडे तो बघत बसायचा.

हेमांगी रडत होती. तिने ते लपवलं नाही.

खूप वेळाने बिरू शांत झाला.

"छायाला सांगू का, बाई?"

त्याला उत्तर नको असावं. तो आपल्याशीच काहीतरी ठरवत होता.

"सांगतो," तो म्हणाला आणि उठला.

हेमांगीने खिडकीतून पाहिलं. बिरू बाकाजवळ उभा राहून बोलत होता. बोलणं ऐकू येत नव्हतं. छाया वर बघत ऐकत होती. मग ती उठली. त्याच्याकडे न बघता आवार ओलांडून फाटकापाशी गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पदर तिने तोंडात धरला होता.

बिरू होता तिथेच उभा राहिला.

थोड्या वेळाने ती फाटकाबाहेर पडली. दहा पावलं मागे ठेवून तोही निघाला. एसटी स्टँडपर्यंत ती दोघं तशीच गेली असणार.

छाया दुसऱ्या दिवशी माहेरी निघून गेली.

बिरू मात्र पुढच्या गुरुवारी आला. एकटाच. त्याच्या पुढच्याही गुरुवारी आला. कधी अर्धा तास नुसता बसे, कधी लेकीच्या खोड्या सांगे. तो जेवू लागला. टँकरवर पुन्हा गेला नाही, मेंढरं राखू लागला. पुन्हा कधी त्याने जीव द्यायचा विचार बोलून दाखवला नाही. ईश्वरीची घागर मात्र त्याने कुणाला उचलू दिली नाही.

दिवाळीनंतर छाया परत आली. ती फारशी बोलत नसे. "भाकरी थापून ताटात वाढती," बिरू म्हणाला, "आन् मी खाईपातूर बसून ऱ्हाती. तेवढं करती."

हेमांगीची सहा महिन्यांची मुदत कधीच संपली होती. ती गेली नव्हती. ती आता कमी बोलायची, आणि तिच्या कागदांवर रिकाम्या जागा वाढल्या होत्या.

एक प्रश्न तिने इतके दिवस मनात ठेवला होता. एका दुपारी, लोक निघून गेल्यावर, खुर्च्या भिंतीला लावता लावता तिने तो विचारला.

"बाई, त्या दिवशी तुम्ही त्याला 'हो' म्हणालात. तो उठून गेला असता तर? त्याने काही केलं असतं तर?"

एस्तेरबाई खाली बसल्या. त्यांचा चेहरा एकदम फार म्हातारा दिसला.

"केलंही असतं," त्या म्हणाल्या. "मलाही तीच भीती होती. आठ दिवस झोप नव्हती मला."

"इतकी भीती वाटत होती, तरी म्हणालात... का?"

एस्तेरबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. अगदी हळू आवाजात त्या म्हणाल्या,

"'मी मारलं' म्हणत तो तिथे एकटा होता गं."