खाणीतलं पाणी

"अजून पुरुषभर पाणी आहे, अण्णा. मग पंप का बंद केलात?" मुक्ताने विचारलं.

पंप चालवणारे यल्लप्पा धोत्रे खाणीच्या काठावर बसून होते.

फौंड्रीच्या मागे दगडाची जुनी खाण होती. शेडच्या पत्र्यांवरचं पावसाचं पाणी तिच्यात साठवायचं आणि उन्हाळ्यात पंपाने उचलून भट्टीचं बाहेरचं कवच गार ठेवायला वापरायचं, ही योजना इंजिनियर मुक्ता केळसकरची. साहेबांशी भांडून तिने ती मंजूर करून घेतली होती. पंप मात्र ती यल्लप्पांकडून शिकली. पंपाच्या अंगावर तळहात ठेवून तो पाणी ओढतोय की नुसती हवा, हे ओळखायलाच तिला वर्ष लागलं होतं.

"बाहेरचं पाणी चार दिवस येणार नाही," ती म्हणाली. "हेही थांबलं तर भट्टी विझवावी लागेल. दीडशे माणसं घरी बसतील. आणि तुम्ही दर उन्हाळ्यात त्याच खुणेला पंप थांबवता. कारण तरी सांगा."

"कारण हाय."

"मग सांगा ना."

...

यल्लप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले.

"आज तुम्ही चालवा," ते म्हणाले.

मुक्ताला मनातून बरं वाटलं. इतक्या वर्षांत म्हाताऱ्याने पहिल्यांदाच हार मानली होती. तिने बटण दाबलं, पंपावर तळहात ठेवला. पाणी चढत होतं.

दुपार कलली. खाणीतलं पाणी वीत वीत उतरत गेलं, आणि काळ्या दगडाची एक रुंद पायरी वर आली.

पायरीत एक कुंड होतं. घमेल्याएवढं, गोल, छिन्नीने घडवलेलं. काठावर पानांची वेल कोरलेली. भोवतालचं पाणी खाली गेलं तरी कुंड काठोकाठ भरलेलं होतं.

"अण्णा, हे काय आहे?"

यल्लप्पा खाणीकडे पाठ करून उभे होते.

"ही खाण आम्ही फोडली," ते म्हणाले. "मी आन् माझी गंगव्वा. तवा हितं थेंबभर पाणी नव्हतं. दोन मैलांवरनं घागर आणायची ती. म्हणलं, तुला तोंड धुवायला एक कुंड करून देतो."

"मग?"

"खाण बंद पडली. ती बी गेली. मग तुमचं पाणी आलं."

...

"वळा ना, अण्णा. तुम्हाला बघायचं नाही?"

"दर येळी वाटतंय, आज बघावं. तेवढ्यात हात बटणावर जातोय."

मुक्ताची आई गेल्यापासून देवरूखचं घर बंद होतं. दोनदा ती गल्लीच्या तोंडापर्यंत गेली होती. दोन्ही वेळा किल्ली मुठीत धरून तिथूनच परत फिरली होती. एस.टी.त खिडकीशी बसून रडली होती. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मी पण अशीच पाठ फिरवून येते," ती म्हणाली.

"कशाकडं?"

"घराकडे."

पंप घरघरत राहिला.

मुक्ताने बटणाकडे हात नेला. "राहू दे, अण्णा. साहेबांना मी सांगते काहीतरी. भट्टी विझली तर विझली."

यल्लप्पांनी तिचा हात हळूच बाजूला केला. मग ते वळले. डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला आणि कितीतरी वेळ त्या पायरीकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलले. काय म्हणाले ते पंपाच्या आवाजात तिला ऐकू आलं नाही.

...

"बंद करू का?" तिने पुन्हा विचारलं.

"चालू राहू दे, ताई," यल्लप्पा म्हणाले. "कुंडातलं पाणी पंपाला घावत न्हाई."