ओल्या सारवणावरची पावलं

बोरवंडला श्री चिंधोबा महाराजांच्या मठात गेलात तर गादीशेजारच्या कोनाड्यात जुन्या धोतराची दोन फडकी दिसतील. एकावर गेरूने उमटवलेले महाराजांचे चरण आहेत. दुसऱ्यावर सहा-सात वर्षांच्या मुलाची पावलं आहेत, फिकी, धुतल्यासारखी. ती बालकृष्णाची आहेत असं सांगून दक्षिणा उकळणारे महाभाग आमच्याच गावात निघाले. ती कृष्णाची नाहीत. ती एका पाद्र्याच्या मुलाची आहेत, आणि त्यांची कथा ऐकून मन प्रसन्न होईल असं काही मी सांगत नाही. पण महाराजांच्या चरित्रातलं गोड तेवढं वेचून वाढायचं, ही आमची रीत नव्हे.

महाराज बोरवंडला आले तेव्हा इंग्रजी अमदानी होती. गावाने धर्मशाळा झाडून देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. लोहाराच्या भट्टीशेजारी, धुरात आणि ठोक्यांत ते बसून असत. अंगावर चिंध्या, म्हणून चिंधोबा. खरं नाव कोणी विचारलं नाही.

गावाबाहेर टेकाडावर मिशनचा बंगला होता. तिथे पाद्री टालबटसाहेब, त्यांच्या मडमबाई आणि दोन मुलं राहत. मोठा मुलगा विल्यम, त्याला सगळे विलू म्हणत, आणि धाकटी रूथ. पाद्रीसाहेबांचा देश साता समुद्रापलीकडे. आगबोटीने पत्र यायला दीड महिना लागे. त्या बंगल्यात पाणी दोनदा उकळत, मुलांना मच्छरदाणीबाहेर झोपू देत नसत, उन्हात टोपीशिवाय आणि जमिनीवर जोड्यांशिवाय पाऊल टाकू देत नसत. मडमबाई दर सहा महिन्यांनी मुलांचे पाय कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवत आणि तो कागद मायदेशी पाठवत. तिकडून जोडे येत. पण ते येईपर्यंत विलूचा पाय पुढे गेलेला असे. आखूड जोडे घालून घालून त्याच्या डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसली होती. पोरगं बंगल्याचं फाटक ओलांडलं की जोडे काढून कुंपणात लपवी आणि अनवाणी पळे.

विलूला वाढवलं सगुणाने. सगुणा गावातली विधवा. तिचं पंधरा दिवसांचं बाळ गेलं त्याच आठवड्यात विलू जन्मला आणि मडमबाई तापाने फणफणल्या. अकरा महिने तो सगुणाच्या अंगावर प्याला. याची शिक्षा म्हणून गावाने तिची घागर पाणवठ्यावर वेगळी काढली. गेलेल्या लेकराचं दूध जगणाऱ्या लेकराला मिळालं, यात कोणाचं काय बुडालं, ते गावातल्या एकाही शहाण्याला सांगता आलं नसतं. पण शहाणे ते शहाणेच.

सगुणा महाराजांची भक्त. महाराजांच्या चरणांचं फडकं तिने बंगल्याच्या स्वयंपाकघरात, चुलीमागच्या कोनाड्यात ठेवलं होतं. एक दिवस ते पाद्रीसाहेबांच्या नजरेस पडलं. साहेब पंडित ठेवून मराठी शिकलेले. बोलले की छापील पुस्तक उघडल्यासारखं वाटे. दुष्ट नव्हते. दुखणाऱ्या माणसाला औषध देताना जात विचारत नसत. पण देव आपल्यालाच नीट कळला आहे याविषयी त्यांना तिळभर शंका नव्हती.

"सगुणाबाई, तुम्ही पावलांस नमस्कार करिता? पाय तर गाढवासही असतात," ते म्हणाले आणि हसले.

 संध्याकाळी सगुणाने हे महाराजांच्या कानावर घातलं. महाराज म्हणाले, "हसू दे. त्यांच्या घरातून पावलं जायची आहेत अजून."

आणि ती गेलीच. पाद्री लोकांच्या मंडळाचा एक शिरस्ता होता. मुलाला सातवं वर्ष लागलं की त्याला मायदेशी वसतिगृहात ठेवायचं, नाहीतर ते या देशाचं होऊन बसतं. विलूला सातवं लागलं. त्याला सांगितलं, आता तू घरी जाणार. विलू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून गूळ-भाकर खात होता. तो म्हणाला, "पण मी घरीच हाये ना."

मडमबाई उठून आत गेल्या. त्यांनी नवऱ्याला काही विचारल्याचं कोणी ऐकलं नाही. आईने अशा वेळी गप्प बसावं, याचा मला अजून राग येतो. पण त्यांच्या जागी मी नव्हतो, हेही खरं.

निघायच्या दिवशी सगुणाने गेरू कालवला, विलूचे पाय त्यात बुडवले आणि स्वच्छ फडक्यावर उमटवून घेतले. नेमके साहेब आले. त्यांचंही काळीज त्या दिवशी ठिकाणावर नसणार, आणि माणूस स्वतः दुखावला की दुसऱ्याला दुखावतो. ते म्हणाले, "माझ्या मुलाची मूर्तिपूजा ह्या घरात होणार नाही. हे वस्त्र आत्ता धुवा. माझ्यासमोर."

विलूच्या देखत सगुणाने ते धुतलं. गेरू निघाला, पण सगळा निघाला नाही. तेच हे दुसरं फडकं.

पुढे दर टपालाला पत्र येई. मी बरा आहे, मी आनंदात आहे, हवा थंड आहे. प्रत्येक पत्रात तीच तीन वाक्यं. फळ्यावर लिहून दिलेली सगळी मुलं उतरवून घेत असावीत. मडमबाईंनी उलट लिहिलं, पत्र आखूड लिही, पण सोबत तुझा पाय काढून पाठव. त्यावर उत्तर आलं नाही. विलू जाऊन सव्वा वर्ष झालं. रूथला सहावं सरत आलं, आणि तिचीही जहाजाची जागा सांगून ठेवली गेली.

अशातच एका सकाळी तार आली. मुलाला फुप्फुसाचा ताप, आशा थोडी. तिकडे पोचायला महिन्यावर दिवस लागणार. तार हातात धरून साहेब अंगणात नुसते उभे राहिले.

सगुणा भट्टीकडे धावली. जाताना साहेबांनी तिला अडवलं. "तुमच्या महाराजांस समुद्र ओलांडता येतो काय?" आवाजात टोमणा होता, आणि खाली रडूही होतं.

"ते मला न्हाई ठावं, साहेब. मला गप बसवत न्हाई," ती म्हणाली.

महाराजांनी सगळं ऐकलं. विचारलं, "सगुणे, तापात पोरगं काय मागत असंल?"

"भाकर अन् गूळ, म्हाराज. दुसरं काय मागतंय ते."

"मग दुपारी सैपाकघर सारव. भाकर करून गुळासंगं चुलीपाशी ठेव. दार उघडं टाक अन् बाहेर पायरीवर पाठ करून बस. सारवण वाळंस्तोवर आत कुणाला जाऊ देऊ नको. तूबी मागं वळू नको."

सगुणाने तसंच केलं. भर दुपार होती. दारात तिने आडवी दोरी बांधली आणि रूथला मांडीवर घेऊन पायरीवर बसली. आत बंगल्यात साहेब आणि मडमबाई गुडघे टेकून प्रार्थना करत होते. कोणी व्यत्यय आणू नये म्हणून साहेबांनी स्वयंपाकघराकडच्या दाराला आतून कडी लावली होती.

तास-दीड तासाने मडमबाईंना घेरी आली. ऊन पाणी हवं म्हणून साहेब कडी काढून स्वयंपाकघरात आले आणि दारातच थबकले. ओल्या सारवणावर लहान मुलाची अनवाणी पावलं उमटली होती. बाहेरच्या दारातून चुलीपर्यंत. चुलीपाशी कोणीतरी मांडी घालून बसल्याची खूण होती, आणि भाकरीचा चतकोर खाल्लेला होता. तिथून पावलं आतल्या दाराकडे, साहेब उभे होते तिथपर्यंत आली होती. दाराशी टाचा उमटल्याच नव्हत्या, नुसती बोटं रुतली होती. चवड्यांवर उभं राहून कोणीतरी कडीपर्यंत हात पोचवायला पाहिलं होतं. मग पावलं परत फिरली होती.

डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती.

सगुणा आत आली आणि पावलांपाशी वाकली. "माझा विलू आला व्हता," एवढंच तिच्या तोंडून निघालं. साहेबांनी रूथचे तळवे पाहिले. कोरडे, स्वच्छ. सगुणाने कनवटीचं ते धुतलेलं फडकं काढून त्या पावलाशेजारी अंथरलं. साहेबांनी वाकून दोन्ही ताडून पाहिली, आणि त्यांचा चेहरा कठीण झाला.

"ही पावले अर्ध्या बोटाने मोठी आहेत," ते म्हणाले. "गावातील कोणा मुलास आणून तुम्ही हे नाटक केलेत. माझा मुलगा मरणाच्या दारात असता तुम्ही माझ्याशी कपट केलेत."

सव्वा वर्षात मूल वाढतं. दर सहा महिन्यांनी नव्या मापाचे जोडे मागवणाऱ्या बापाच्या हे ध्यानातच आलं नाही. त्याच्या मनातला विलू निघाला त्या दिवशी होता तेवढाच राहिला होता.

त्याच दुपारी सगुणाला फाटकाबाहेर काढलं. रूथ तिच्या पदराला धरून ओरडत होती, तिची बोटं साहेबांनी एकेक करून सोडवली. गावालाही आयतंच सापडलं. गावाने बाटगी म्हणून वेगळी काढलेली, आता पाद्र्यानेही ढोंगी म्हणून हाकलली. सगुणा भट्टीपाशी येऊन राहिली. महाराजांनी आपल्या घोंगडीचा अर्धा भाग तिला दिला. तिने तक्रार केली नाही, चमत्काराचा डांगोराही पिटला नाही.

दोन दिवसांनी दुसरी तार आली. ताप उतरला, मुलगा वाचला. साहेबांनी ईश्वराचे आभार मानले. सगुणाला बोलावलं नाही.

मग दोन महिन्यांनी टपाल आलं. वसतिगृहातल्या बाईंनी लिहिलं होतं, मुलाचे पाय वाढले आहेत, आजारातून उठल्यावर जोडे होईनात, त्याच्या आईने मागितलं होतं ते सोबत पाठवते आहे. आत विलूच्या पायांचा कागद होता. आणि विलूचं पत्र. या वेळी फळ्यावरून उतरवलेलं नव्हतं. मडमबाईंनी ते मोठ्याने वाचायला घेतलं, आणि पुढे त्यांच्याच्याने वाचवेना, म्हणून साहेबांनी वाचलं.

'मला ताप होता तेव्हा मी घरी आलो होतो. जमीन ओली होती. सगुणामाय रागावेल म्हणून मी हळू चाललो. मी गूळ-भाकर खाल्ली. मग मी तुमच्याकडे आलो, पण दार बंद होतं. मी हाक मारली. तुम्ही आत बोलत होता. म्हणून मी परत गेलो.'

साहेब कागद घेऊन स्वयंपाकघरात गेले. सगुणा गेल्यापासून तिथे कोणी सारवलं नव्हतं. पावलं वाळून तशीच राहिली होती. गुडघे टेकून त्यांनी एका पावलावर तो कागद ठेवला. रेघेला रेघ जुळली. करंगळीसुद्धा जुळली. मग त्यांनी दाराजवळच्या त्या बोटांच्या खुणांवर कपाळ टेकलं, आणि बराच वेळ उचललं नाही.

ते भट्टीकडे आले तेव्हा पायांत जोडे नव्हते. उन्हातून अनवाणी येताना गावाने त्यांना पाहिलं. महाराजांच्या पायांशी वाकणार, तोच महाराजांनी पाय मागे घेतले. "माझ्या नका पडू. हिला बाहेर काढलंत, हिच्या पडा."

साहेब सगुणासमोर वाकले. ती कानकोंडी होऊन उभी राहिली. "उठा साहेब, असं नगा करू," असं पुन्हा पुन्हा म्हणू लागली. मग साहेबांनी महाराजांना विचारलं. आता भाषा छापील नव्हती. "आम्ही त्याच्यासाठीच देवाला विनवत होतो. आणि तो दाराशी आला तर आम्हालाच कळलं नाही?"

महाराज म्हणाले, "बोलावलं तुम्हीच. तुमची हाक पोचली, म्हणून तर आला. दार तेवढं हिनं उघडं ठेवलं."

"तो परत येईल ना?"

महाराजांनी निखाऱ्यांकडे पाहिलं. "आला होता की," ते म्हणाले.

पुढचं थोडक्यात सांगतो. साहेबांनी विलूला परत पाठवा म्हणून तार केली. तिकडच्या डॉक्टरांनी कळवलं, फुप्फुसं अधू झाली आहेत, समुद्रप्रवास आणि उष्ण देश आता त्याला कधीच मानवायचा नाही. रूथची जागा साहेबांनी रद्द केली होती. पण मडमबाई म्हणाल्या, एकाला मी न बोलता पाठवलं, आता मी त्याच्याकडे जाणार. रूथला घेऊन त्या गेल्या. औषधाला येणारी माणसं टाकून साहेबांना निघवेना, ते मागे राहिले. धर्म त्यांनी बदलला नाही, महाराजांनी बदलूही दिला नसता. पण त्यानंतर पायांना हसताना त्यांना कोणी पाहिलं नाही.

सगुणा बंगल्यावर परतली. पहिल्याच सोमवारी तिने शेण कालवलं तेव्हा साहेब धावत आले. "नको, ती पावलं राहू द्या."

"साहेब, वाळल्या भुईवर पाऊल उमटतंय व्हय?" ती म्हणाली. "पोराला पुन्यांदा यायचं झालं तर?"

साहेब बाजूला झाले. तिने सारवलं आणि पावलं पुसली गेली. साहेबांनी आतल्या दाराची कडी स्वतःच्या हाताने उपटून टाकली.

पुढची एकोणीस वर्षं, साहेबांना बंगल्यामागे माती दिली तोपर्यंत, दर सोमवारी दुपारी ते स्वयंपाकघर सारवलं गेलं. चुलीपाशी भाकर असे, बाहेरचं दार उघडं असे. सगुणा पायरीवर पाठ करून बसे. साहेब आत जोडे काढून बसत, आणि सारवण वाळलं की दाराशी येऊन वाकून पाहत. जमिनीवर काही नसे. तरी ते तिथे कपाळ टेकत, आणि मग उठून कामाला जात.