उन्हाचा दोर वळणारी हौसा

फार वर्षांपूर्वी, निंबगडाखालच्या वाडीत माणसांपेक्षा मोर जास्त होते तेव्हा, तिथं हौसा नावाची एक बाई दोर वळायची. अंबाडी ओढ्यात भिजवायची, तिचा वाख सोलायची, आणि मांडीवर असा पीळ घालायची की तिच्या दोरानं बांधलेलं खोंड स्वप्नातसुद्धा सुटत नसे, असं म्हणतात. आता खोंडाची स्वप्नं कुणी पाहिली, ते विचारू नका. ऐकायचं असेल तर ऐका.

दर चैत्रात गडावर हिंदळाई देवीला झोपाळ्यावर बसवत, आणि झोपाळ्याचा दोर हौसाच्या हातचा असे. त्या वर्षी किल्लेदार रायाजीरावांची मुलगी मंजुळा मोठ्या दुखण्यातून उठली होती. नवस फेडायचा म्हणून किल्लेदारांच्या आईनं, आऊसाहेबांनी, देवीचा दोर तुपागुळानं माखला. हौसानं हात जोडून सांगितलं, "आऊसायेब, देवीचा निवद ताटात ठिवा जी. दोराला तूप लागलं की उंदीर येतो."

आऊसाहेब हसल्या. देवीच्या दोराला तोंड लावायची उंदराची काय बिशाद!

उंदराला मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. सणाच्या दिवशी देवीचा मुखवटा मांडीवर घेऊन मंजुळा झोपाळ्यावर बसली, लोकांनी पहिला झोका दिला आणि दोर तुटला. मुखवटा दुभंगला, पोरीचा पाय मोडला.

"कुजका वाख घातलास तू," रायाजीराव ओरडले. हौसानं तुटलेलं टोक त्यांच्यापुढं धरलं. "सरकार, बघा तरी. ह्ये दातानं कुरतडलंय."

तेवढ्यात पुजारी कडाडला, "म्हणजे देवीला स्वतःचा दोर राखता येत नाही म्हणतेस?"

झालं! दोर राहिला बाजूला आणि देवीची निंदा केली म्हणून हौसाला गडावरच्या कोरड्या टाक्यात उतरवलं. उंदराचे दात तिथं उभ्या असलेल्या साऱ्यांना दिसले होते. गाव गप्प राहिलं. आऊसाहेबही गप्प राहिल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

"'खोटं बोलले' एवढं कबूल करशील, त्या दिवशी वर घेतो," किल्लेदार म्हणाले.

"खरं हाय त्याला खोटं कसं म्हणू, सरकार?" हौसा खालून म्हणाली.

टाकं खोल होतं, अखंड खडकात कोरलेलं. टोपलीतून भाकर खाली यायची आणि दुपारी थोडा वेळ ऊन तळाशी उतरायचं. हौसा आधी खूप रडली. गावावर चिडली, देवीवरही चिडली. मग तिला वेगळीच धास्ती वाटू लागली. वाख नाही, काम नाही; हात आपली विद्या विसरले तर? म्हणून ऊन उतरलं की ती त्यात बसायची आणि रिकाम्या हातांनी मांडीवर पीळ घालायची.

वरून पहारेकरी हसायचा. "हौसे, काय वळतीस गं?"

"ऊन वळते. आज चांगलं भिजलंय."

असं किती वर्षं चाललं, कुणी सांगत नाही. केस पांढरे झाले, पण हात थांबले नाहीत. आणि एका दुपारी तिच्या तळव्याखाली उन्हाची तिरीप अडकली. तिनं पीळ दिला, तिरिपीनं पीळ घेतला. सूर्य कलला तरी तेवढं ऊन तिच्या मांडीवरच राहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला पुढचा पेड जोडला. असा रोज थोडा थोडा उन्हाचा दोर वाढत गेला आणि टाक्यात दिवा लावायची गरज उरली नाही, असं म्हणतात.

पहारेकऱ्याचं हसू थांबलं. एकदा तो वाकून म्हणाला, "हौसे, दोर वर फेक. मी धरतो, तू पळ."

"पळाले तर मी खोटी ठरंन, बाबा," ती म्हणाली. "आन् उंदीर खरा सुटंल."

इकडे गडावर दर चैत्रात नवा दोर यायचा, आऊसाहेब हट्टानं आणखी जाड तूप लावायच्या, आणि दोर तुटायचा. अखेर एका चैत्रात भर दुपारी, देवळात एकट्याच बसल्या असताना, त्यांनी झोपाळ्याकडं पाहिलं. उंदीर दोरावर बसून निवांत जेवत होता. आऊसाहेबांनी तिथल्या तिथं पालखी मागवली आणि टाक्याच्या काठाशी आल्या. मागून सारं गाव आलं.

"रायाजी," त्या म्हणाल्या, "दोराला तूप मी लावलं होतं. हौसा खरं बोलत होती. मला ते त्याच दिवशी कळलं होतं, रे."

किल्लेदारांनी शिडी आणायला सांगितली. पण त्याआधीच खालून उन्हाच्या दोराचं टोक वर आलं. रायाजीरावांनी ते पकडलं, तर मुठीतून निसटलं. पुजाऱ्यानं पकडलं, निसटलं. मग आऊसाहेबांनी धरलं, आणि दोर ताठ झाला.

तेव्हा साऱ्यांना कळलं, की आपली चूक कबूल करेल त्याच्याच हातात हा दोर थांबतो. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. रायाजीरावांनी दोर पुन्हा नुसताच धरून पाहिला, तो पुन्हा निसटला. मग त्यांनी पागोटं काढून खाली ठेवलं. "कुरतडलेलं टोक मी पाहिलं होतं. तरी तुला कोंडलं. माझं चुकलं, हौसाबाई." त्यांच्या हातात दोर थांबला. मग पुजारी बोलला, मग एकेक करून गाव बोललं. मंजुळा लंगडत आली. तिला कबूल करायचं काहीच नव्हतं. तिनं नुसता हात लावला आणि दोर तिच्याही हातात थांबला.

"हळू वढा रं," हौसा खालून ओरडली, "म्हातारी झालेय मी!" माणसं हसत होती, रडत होती, ओढत होती.

आजही त्या वाडीत चैत्रात झोपाळ्याचा दोर भर उन्हात वळतात आणि निवद ताटातच ठेवतात. झोका द्यायला जो दोर धरेल, त्यानं आधी मोठ्यानं सांगायचं, की कुणावर खोटा आळ घेतला, किंवा कुणाचं खरं माहीत असून गप्प बसलो. याला 'हौसाचा पीळ' म्हणतात. मागं एका भावानं, भावाशी अबोला धरून म्हातारा झाल्यावर, दोर धरून सांगितलं, "दादा, बैल तू सोडला नव्हतास. खुंटा मीच नीट ठोकला नव्हता." एखाद्याच्या तोंडून शब्द लवकर फुटत नाही. तोवर झोका देत नाहीत. देवी थांबते, गाव थांबतं, पोळ्या गार होतात, आणि त्याला कुणी घाई करत नाही.